प्रश्न वाचकांचे : आरसी विमानाला फ्लोट बसवताना

पाऊस सरला, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पडले आणि नद्यांचे पाणी थांबले की सीमाभागातून फ्लोटच्या, म्हणजे चाकांऐवजी तरंगत्या पेट्या लावून पाण्यावरून उडणाऱ्या आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) विमानांबद्दलची पत्रे सुरू होतात. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पहिली दोन उत्तरे लांबली आहेत, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : माझ्याकडे तीनचाकी हाय-विंग ट्रेनर (पंख धडाच्या वर असलेले शिकाऊ विमान) आहे. पंख 1500 मिमी, प्रॉपपासून (पुढच्या पंख्यापासून) शेपटीपर्यंत लांबी 1100 मिमी, उडतानाचे वजन 1600 ग्रॅम, 4 सेलची 2200 एमएएच बॅटरी. चाके काढून फ्लोट लावायचे आहेत. किती मोठे करू आणि नेमके कुठे बसवू? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी वजनाचा हिशेब करा. चाके आणि त्यांच्या तारा निघाल्या की साधारण 120 ग्रॅम कमी होतात. दोन फ्लोट प्रत्येकी 160 ग्रॅम आणि तारा-पट्ट्या 110 ग्रॅम धरल्या तर 430 ग्रॅम चढतात. म्हणजे विमान 1910 ग्रॅमचे झाले. एक लिटर पाणी एक किलोचे, तेव्हा हे वजन पेलायला 1.9 लिटर घनफळ लागते. पण तेवढ्यावर फ्लोट काठोकाठ बुडून राहतील. दोन्ही मिळून निदान दुप्पट, म्हणजे 3.8 लिटर हवे.

लांबी विमानाच्या लांबीच्या 75 ते 80 टक्के ठेवतात. तुमच्यासाठी 850 मिमी. रुंदी 80 आणि स्टेपजवळची उंची 65 मिमी घेतली तर त्या मापाच्या चौकोनी पेटीचे घनफळ 4.4 लिटर येते. पुढचे टोक आणि मागची निमुळती बाजू वजा जाता फ्लोटमध्ये त्याच्या निम्मे उरते, एकेकात 2.2 लिटर. पुरेसे झाले. खात्री हवी असेल तर दोन्ही फ्लोटवर आडवी फळी बांधून पाण्याच्या हौदात सोडा आणि फळीसकट 1.9 किलो भरेल इतक्या पाण्याच्या बाटल्या वर ठेवा. पाण्याची रेघ निम्म्या उंचीच्या आसपास आली की माप जमले.

आता जागा. फ्लोटच्या तळाला मधोमध जी पायरी असते ती स्टेप. विमान वेगात आले की मागचा तळ पाण्यातून सुटतो आणि सगळा भार या पायरीच्या कडेवर येतो. त्या क्षणी शेपूट खाली दाबून नाक उचलायचे असते, आणि ते ज्या बिंदूभोवती उचलले जाते तो बिंदू हाच. म्हणून स्टेपची कड विमानाच्या गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सीजीच्या, किंचित मागे यायला हवी. तुमच्या आकाराला 10 ते 12 मिमी. ती खूप मागे गेली तर एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) कितीही ओढा, नाक उचलत नाही. सीजीच्या पुढे गेली तर शेपूट बसते आणि विमान उड्या मारू लागते. पंखाची रुंदी 250 मिमी असेल तर पुढच्या कडेपासून 75 मिमीवर सीजीची खूण करा, तिथून ओळंबा सोडा आणि स्टेप त्याच्या 12 मिमी मागे धरा. स्टेप फ्लोटच्या मध्यावर असेल तर फ्लोटचे नाक आपोआप प्रॉपच्या 80 मिमीच्या आसपास पुढे येते. ते 50 मिमीपेक्षा कमी येऊ देऊ नका. उतरताना विमान पुढे झुकते तेव्हा त्याला सावरणारे तेवढेच असते.

दोन फ्लोटमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, पंखाच्या लांबीच्या 20 ते 25 टक्के. 330 मिमी ठेवा. प्रॉपचे टोक आणि फ्लोटचा माथा यांत 40 मिमी तरी मोकळे हवेत.

उरला कोन. विमान टेबलावर असे टेकवा की आडवी शेपटी शून्य अंशावर येईल. फ्लोटचा सपाट माथा तिला समांतर हवा, म्हणजे पंख फ्लोटच्या मानाने 2 ते 3 अंश वर राहतो. मोबाइलमधले कोन मोजायचे ॲप याला चालते. मागच्या तारेची लांबी हाच तुमचा स्क्रू समजा. पुढच्या-मागच्या पायांत 280 मिमी अंतर असेल तर मागचा पाय 10 मिमीने लांब-आखूड केल्यावर कोन 2 अंशांनी बदलतो. फ्लोटचे नाक वर चढलेले असले तर टाच, म्हणजे मागचे टोक, पाण्यात घासते आणि विमान वेग घेत नाही. नाक खाली असले तर उतरताना थेट बुडी.

पायांसाठी 4 मिमीची पियानो वायर घ्या. मागचा पाय मूळ चाकांच्या लाकडी ठोकळ्यात बसेल. पुढच्यासाठी नोजव्हीलच्या जागेवर विसंबू नका, ती पिळाला टिकत नाही. फायरवॉलच्या (मोटर बसते त्या पुढच्या फळीच्या) 60 मिमी मागे 4 मिमी प्लायची नवी पट्टी इपॉक्सीने बसवा. पियानो वायर थंडच वाकवा. तापवून वाकवलेली तार मऊ पडते आणि पहिल्याच आपटीत पसरते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपच्या व्हाइसवर आणि पाइपच्या तुकड्यावर हे काम नीट होते. दोन्ही फ्लोट एकमेकांना 6 मिमीच्या ॲल्युमिनियम नळ्यांनी दोन ठिकाणी जोडा. मग कर्ण मोजा, डाव्याच्या नाकापासून उजव्याच्या टाचेपर्यंत आणि उलट. दोन्हीत 2 मिमीपेक्षा जास्त फरक असला तर पाण्यावर विमान सतत एका बाजूला ओढ घेणार.

प्रश्न : फ्लोट लावल्यावर सीजी 10 मिमी मागे गेला आहे. दोन्ही फ्लोट थोडे पुढे सरकवले तर बॅलन्स होईल ना? नाकात शिसे घालायचे जिवावर येते. – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : बॅलन्स होईल, पण विमान पाण्यावरून उठेलच असे नाही. फ्लोट पुढे गेले की स्टेपही पुढे जाते आणि वरच्या उत्तरातले सगळे गणित मोडते. क्रम उलटा ठेवा. सीजी चाकांच्या वेळी जिथे होता तिथेच हवा, फ्लोटसाठी वेगळा सीजी नसतो. स्टेप त्या सीजीवरून ठरते. मग जे वजन हलवता येते ते हलवायचे.

पहिली हलवायची ती बॅटरी. विमानाचे वजन गुणिले सीजीची चूक, भागिले बॅटरीचे वजन. तुमचे विमान 1900 ग्रॅमचे आणि बॅटरी 230 ग्रॅमची धरली तर 1900 गुणिले 10, भागिले 230, म्हणजे बॅटरी 83 मिमी पुढे. फायरवॉलला भोक पाडून बॅटरीचे तोंड मोटरखाली सरकवले तर बहुतेक ट्रेनरमध्ये एवढी जागा निघते. त्याच तोंडावर पट्टी आणि वेल्क्रो दोन्ही लावा, कारण पाण्यावरची आपटी जमिनीपेक्षा जोरात असते आणि सुटलेली बॅटरी मागे गेली की तो सीजी कोणाच्या हातात राहत नाही. जागा नसेलच तर शिसे. योग्य सीजीपासून 300 मिमी पुढे, फायरवॉलवर, 1900 गुणिले 10 भागिले 300, म्हणजे 63 ग्रॅम. फ्लोटच्या नाकात शिसे घालायचा मोह होतो, कारण तिथे हात लांब मिळतो आणि वजन कमी लागते. पण मग नाकातला तरता राखीव भागच खर्ची पडतो. तिथे नको.

बॅलन्स करताना फ्लोट, तारा, वॉटर रडर (पाण्यात वळवणारे सुकाणू), बॅटरी, सगळे जागेवर असू द्या. हाय-विंग विमान पंखाखाली दोन बोटांवर उचलले की फ्लोटच्या वजनाने खाली लोंबते आणि चूक लपते. म्हणून नाक किंचित खाली दिसले एवढ्यावर थांबू नका. 3-3 मिमी पुढे-मागे बोटे सरकवा आणि ते दोन्हीकडे सारखे झुकते तो मध्य शोधा.

आडवा बॅलन्स? एका फ्लोटला ग्लू जास्त लागून तो 10 ग्रॅमने जड झाला म्हणून पुष्कळजण घाबरतात. मध्यापासून 165 मिमीवरचे 10 ग्रॅम म्हणजे 750 मिमीवरच्या पंखाच्या टोकाला सव्वादोन ग्रॅम. टेपचा तुकडा पुरतो.

खरे लक्ष द्यायचे ते गळतीकडे. फ्लोटच्या मागच्या कप्प्यात 50 ग्रॅम पाणी शिरले, विमानाने चढाई घेतली आणि ते पाणी सीजीच्या 400 मिमी मागे जाऊन बसले, की सीजी पुन्हा 10 मिमी मागे गेला. तुम्ही घरी जेवढा सुधारला तेवढाच. म्हणून पहिल्या पाच-सहा फेऱ्यांनंतर विमान पाण्यातून काढून पुसा आणि काट्यावर ठेवा. 20 ग्रॅमपेक्षा जास्त वाढ दिसली की उड्डाण थांबवा. पोकळ फ्लोट असतील तर प्रत्येक कप्प्याच्या वरच्या बाजूला 3 मिमीचे भोक आणि त्याला रबरी बूच ठेवा. पाणी काढायलाही उपयोगी आणि उन्हात आतली हवा फुगून जोड उकलण्यापासूनही वाचते.

प्रश्न : थर्मोकोलचे फ्लोट कापले आणि फेविक्विकने जोडले तर मधोमध खड्डा पडला. काय चुकले? – चिकोडी

उत्तर : फेविक्विक थर्मोकोल खाते. रबराचा पिवळा सॉल्युशनही खातो आणि बोटीला वापरतात तो पॉलिस्टर रेझिनही. इपॉक्सी चालतो. नेहमीचा पांढरा फेविकॉल थर्मोकोलला इजा करत नाही, पण पाण्यात मऊ पडतो, म्हणून तोच प्रकार हवा असेल तर पाण्याला टिकणारा मरीन घ्या. पॅकिंगचा दाणेदार थर्मोकोल दाण्यांच्या मधून पाणी पितो. छताच्या इन्सुलेशनचा घट्ट, निळा किंवा गुलाबी एक्सपीएस बोर्ड मिळाला तर तो घ्या. वरून पातळ ग्लास कापड आणि इपॉक्सीचा एक हात पुरे. तारांचे क्लॅम्प जिथे येतात तिथे फोममध्ये 3 मिमी प्लायचे 40 गुणिले 60 मिमीचे तुकडे पुरा. नुसत्या फोममधला स्क्रू पहिल्या उतरणीत उपटतो.

प्रश्न : विमान पाण्यावर फुल थ्रॉटलला धावते, फवारा उडतो, पण उठत नाही. कधी उठायला लागले की बेडकासारखे उड्या मारते. मोटर 400 वॉटची, वजन 2 किलो. – हुक्केरी तालुका

उत्तर : यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

न उठण्याची कारणे अशी तपासा. फ्लोटच्या तळाच्या कडा आणि स्टेपची कड बोटाने चाचपा. गोल गुळगुळीत लागल्या तर तिथेच घोटाळा आहे. पाणी गोल कडेला चिकटून वर चढते आणि फ्लोटला खाली खेचते. कड धारदार असली की पाणी तुटून बाजूला पडते आणि स्टेपच्या मागे हवा शिरते. सँडपेपर मारून ‘फिनिशिंग’ करणाऱ्यांच्या फ्लोटवर ही चूक हमखास सापडते. दुरुस्ती सोपी: 1 मिमी प्लास्टिकची पट्टी कडेला अशी चिकटवा की ती 2 मिमी बाहेर राहील. ती फवाराही प्रॉपपासून दूर फेकते. स्टेपची खोली 8 ते 10 मिमी असू द्या, आणि स्टेपमागचा तळ 6 ते 8 अंश वर चढता. तो सपाट असेल तर नाक उचलायला वावच नसतो.

मग ताकद. जमिनीवर 400 वॉट दोन किलोला चालून जातात. फ्लोटवर किलोला 250 वॉट धरा, म्हणजे 500. मोटर बदलण्याआधी प्रॉप बदलून पाहा. 11 गुणिले 7 ऐवजी 12 गुणिले 6, म्हणजे पंखा मोठा आणि पिच (पात्यांचा पीळ) कमी. वॉटमीटर लावून करंट ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) मर्यादेत आहे ना ते बघाच.

आपल्याकडची उंचीही यात धरावी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, हवा तिथल्यापेक्षा सुमारे 7 टक्के विरळ. मेच्या दुपारी 35 अंशाला हा फरक 15 टक्क्यांच्या घरात जातो, आणि उठायला लागणारा वेग 8 टक्क्यांनी वाढतो. पाण्याचा अडथळा मात्र कमी होत नाही. कारवारला सकाळी सहज उठणारे विमान घाटावर दुपारी नुसते फवारे उडवत बसले तर नवल नाही. सकाळी उडवा, पण अगदी आरशासारख्या पाण्यावरही फ्लोट चिकटतात. वारा नसेल तर आधी एक गोल चक्कर मारून लाटा उठवा आणि आपल्याच लाटांवरून धावा.

हातही तपासा. सुरुवातीला एलेव्हेटर पूर्ण वर. फ्लोटची नाके वर आली की हळूहळू मध्यावर सोडा आणि विमानाला स्टेपवर वेग घेऊ द्या. वेग जमला की थोडेसेच वर. पुष्कळजण शेवटपर्यंत काठी ओढून धरतात, टाच बुडालेली राहते, आणि दोष मोटरला देतात. तरीही एक फ्लोट चिकटलाच तर एलेरॉनने (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांनी) दुसऱ्या बाजूला किंचित कलवा. एक सुटला की दुसरा सुटतो.

उड्यांचे कारण बहुतेक वेळा स्टेप सीजीच्या पुढे असणे किंवा सीजी मागे सरकलेला असणे हेच असते. उडी सुरू झाली की एलेव्हेटरने पाठलाग करू नका. तुमचा हात नेहमी अर्धी उडी मागे असतो. थ्रॉटल बंद करा, विमान बसू द्या, पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न : पाण्यावर वळतच नाही, वाऱ्याकडे तोंड करून राहते. हवेत शेपूट डोलते. चाकांवर असे नव्हते. – खानापूर

उत्तर : मंद वेगात हवेच्या रडरला (उभ्या शेपटीच्या हलत्या पट्टीला) दम नसतो. डाव्या फ्लोटच्या टाचेला 40 गुणिले 50 मिमीचे, 1 मिमी ॲल्युमिनियमचे वॉटर रडर लावा आणि बोडन नळीतून (आत सरकती तार असलेल्या नळीतून) रडरच्या सर्व्होला, म्हणजे ती पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरला, जोडा. एकच पुरते. मध्ये रबरी नळीचा तुकडा घाला, नाहीतर दगडाला अडकले की सर्व्होचे दात जातात. वाऱ्याकडे तोंड करणे हा फ्लोटच्या विमानाचा स्वभावच आहे. पलीकडच्या काठाला न्यायचे तर शिडासारखे मागे वाहू द्या.

हवेतले डोलणे वेगळे. फ्लोटची नाके सीजीच्या बरीच पुढे येतात आणि बाजूने येणारी हवा तिथे पकडतात. शेपटीखाली मूळ उभ्या शेपटीच्या पाव भागाइतकी फोमची किंवा बाल्साची पट्टी लावा. फ्लोटवरच्या मोठ्या सेसना विमानांच्या शेपटीखालीही अशी फिन दिसते.

प्रश्न : रिसीव्हर आणि ईएससी पाण्यापासून कसे वाचवावे? – संकेश्वर

उत्तर : रिसीव्हर साध्या रबरी फुग्यात घाला, तारा बाहेर काढून तोंड झिपटायने आवळा, आणि तोंड खाली येईल असा ठेवा. तारांना रिसीव्हरच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी ओघळून तिथेच गळते. ईएससीला थंड हवा हवी, त्याला फुग्यात कोंडू नका. उघड्या सर्किटवर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात मारा. ब्रशलेस मोटर पाण्याने बिघडत नाही, तिची बेअरिंग गंजतात. प्रत्येक दिवसाअखेर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

विमान उलटले तर सर्वांत आधी बॅटरी काढा. कारवारच्या खाडीसारखे खारे पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दिवसभर वाळवा. तांदळात पुरून ठेवण्याने काही होत नाही, भूस मात्र सर्व्होत शिरते.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचे याची रिसीव्हरला आधीच दिलेली सूचना. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. उलटलेल्या विमानाचा अँटेना बुडाला की ट्रान्समीटर निरुपयोगी होतो. फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्य ठेवलेले नसेल तर मोटर पाण्याखाली फिरत राहते आणि ईएससी जळतो. घरून निघण्याआधी प्रॉप काढून आणि ट्रान्समीटर बंद करून हे तपासा.

प्रश्न : बेळगावात किल्ला तलावावर उडवले तर चालेल का? नाहीतर कुठे? शेततळे कसे? – बेळगाव

उत्तर : किल्ला तलाव नको. भोवती रस्ता, तारा आणि फिरायला येणारी माणसे. राकसकोप हे पिण्याचे पाणी आहे, तिथेही नको. सांबरा विमानतळामुळे आकाशाचेही बंधन आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात हिरवा विभाग (परवानगी न घेता उडवता येते तो) 200 फुटांपर्यंतच असतो, त्याच्या बाहेर 400 फूट. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवू नका. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात आपली जागा बघूनच निघा.

हिडकल धरणाचा मागचा फुगवटा मोठा आणि मोकळा आहे, पण पाटबंधारे खात्याला विचारून, भिंतीपासून लांब, आणि मच्छीमारांची जाळी कुठे आहेत ते बघून. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते. ते दिसू लागले की काठाचे खडक आणि खुंटही वर आलेत असे समजा. चिकोडीकडच्यांना कल्लोळ-येडूरसारख्या बंधाऱ्यांच्या वरच्या अंगाला हिवाळ्यात संथ पाणी मिळते. बरग्यांपासून निदान 200 मीटर लांब राहा, तिथे पाण्याला खाली ओढ असते. काठावरच्या कृषी पंपांच्या तारा आधी चालत जाऊन बघा, उसाच्या मागे त्या दिसत नाहीत. दुपारी वाऱ्याने लाटा फ्लोटच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे 3 सेंमीवर गेल्या की विमान पिशवीत.

शेततळे तीस मीटरचे असते, दोन किलोच्या विमानाला ते पुरत नाही. शिवाय प्लास्टिक अंथरलेल्या उतारावरून घसरलेल्या माणसाला वर चढता येत नाही. विमान मध्ये अडकले तर पाण्यात उतरायचे नाही, मग ते तळे असो की नदी. गळाच्या काठीला दोरीऐवजी गळाचीच जाड तार आणि टोकाला भोक पाडून ओवलेला टेनिस बॉल बांधा. विमानाच्या पलीकडे फेका आणि तार फ्लोटच्या पायात अडकेल अशी हळूहळू ओढा. बॉल तरंगतो, तार गुंतत नाही, आणि 30-40 मीटरवरचे विमान सरावाने दोन-तीन फेकीत हाताला येते.